खेळ, चित्रकला, दशावतार, एनसीसी : प्रवेशाला नेमकं काय कामी आलं? अनुभव लिहा

दहावीचा निकाल लागला की रत्नागिरीत घरोघरी हीच चर्चा. ज्यांनी केलंय त्यांनी लिहा, माझ्यापासून सुरुवात करते. मुलीला इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए श्रेणी मिळाली होती. त्याचे दहावीला 7 गुण वाढतात, 500 पैकी 7 म्हणजे 1.4 टक्के. अकरावीच्या यादीत तेवढ्यानं कॉलेज बदलतं. पण हे गुण आपोआप मिळत नाहीत, शाळेनं मंडळाकडे प्रस्ताव वेळेत पाठवावा लागतो. आमचा राहिला. पेटीतलं प्रमाणपत्र पावसाळी दमटपणानं पिवळं पडलेलं, कडा चिकटलेल्या. सुती कापड घालून हलक्या इस्त्रीनं ते सरळ केलं, प्रती काढल्या, शाळेत चार फेऱ्या मारल्या. मुदत उलटून गेली होती. लेक काही बोलली नाही, रंगांचा डबा मात्र तिनं वर्षभर उघडला नाही. दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत जाऊन विचारा, आणि प्रस्ताव गेल्याची पोच मागा.

देवगड
मुलगा कबड्डीत राज्यपातळीपर्यंत गेला. दहावीला वाढीव गुण मिळाले, पुढे इंजिनिअरिंगला शून्य. तिथे यादी सीईटी या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाईलवर लागते. पुतण्या कृषीला गेला, त्याला घरच्या सातबाऱ्याचा अधिभार, म्हणजे जादा गुण, मिळाला. कुठल्या शाखेला काय धरतात ते आधी बघा, मग धावपळ करा.

मालवण
मी एनडीएसाठी (सैन्याची प्रबोधिनी) एसएसबीला, म्हणजे लेखीनंतरच्या निवड चाचणी-मुलाखतीला, गेलो होतो. लेखी 900 गुणांची, एसएसबीही 900 गुणांची. फॉर्ममध्ये छंद, खेळ, जबाबदाऱ्या सगळं भरून घेतात आणि मुलाखतीत त्यावरूनच खोदतात. मी लिहिलं होतं : पोहणे, रापण ओढणे. साहेबांनी विचारलं, रापण म्हणजे काय? जाळं होडीतून अर्धवर्तुळात कसं टाकतात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर धरून दोन्हीकडची माणसं एका लयीत कशी ओढतात, मासळीची वाटणी कशी होते, सगळं सांगितलं. मग भरतीची वेळ रोज का बदलते ते विचारलं. चंद्रामुळे रोज साधारण 50 मिनिटं उशीर, अमावास्या-पौर्णिमेला उधाण. आजोबांनी होडीत बसवून शिकवलेलं, ते तोंडावर आलं. शिबिराच्या एका प्रमाणपत्रावर मात्र मी अडखळलो, कारण तिथे मी फक्त हजेरी लावली होती. जे मनापासून केलंय तेच लिहा.

कुडाळ
आजी म्हणायची, "पखवाज बडवून काय पोट भरतला?" मी दशावतारात, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, पखवाजाला बसायचो. बीएनंतर मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत गेलो. तिथे वाजवून दाखवायला सांगितलं, धयकाल्याच्या, म्हणजे दशावतारी खेळाच्या, रात्रींबद्दल विचारलं. प्रमाणपत्रांची फाईल नंतर उघडली.

गुहागर
मुलगा नववीत आहे, शिमग्यात नमनाला (कोकणातली लोककला) मृदंग वाजवतो. दहावीला लोककलेचेही गुण मिळतात असं कळलं. कुणी प्रस्ताव भरला असेल तर संस्थेचं पत्र कसं मिळवलं आणि कोणते कागद जोडले, ते लिहाल का? आमच्या नमन मंडळाची नोंदणीच झालेली नाही, आतापासून धावपळ करायची तयारी आहे.