मदत हवी आहे: वर्गात येतं ते वॉर्डात येत नाही. नर्सिंगच्या सेमिस्टरचं नियोजन कसं बदलू?

नमस्कार. मी पुण्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात गेली नऊ वर्षं शिकवते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं नर्सिंग फाउंडेशन माझ्याकडे असतं. येत्या सेमिस्टरचं मास्टर रोटेशन, म्हणजे कुठली बॅच कधी वर्गात आणि कधी कुठल्या वॉर्डात याचा तक्ता, करायचं काम यंदा माझ्यावर आलंय आणि पंधरा दिवसांत कागद द्यायचाय. मागचाच तक्ता तारखा बदलून दिला तर कुणी काही म्हणणार नाही, पण माझ्याच्याने ते होत नाहीये. कारण आधी सांगते.

गेल्या सेमिस्टरला मेडिसिन वॉर्डात सत्तरीच्या एका आजोबांना सलाईन चालू होतं. 500 मिली, 4 तासांत द्यायचं. माझी एक विद्यार्थिनी चाक फिरवून थेंब लावत होती. मी दुसऱ्या वॉर्डातून आले, घड्याळ धरून मिनिटभर मोजलं, तर सत्तरच्या आसपास थेंब पडत होते. हवे होते 42. लगेच कमी केलं, आजोबांना काही झालं नाही. पण त्या वयात हृदय कमजोर असेल तर भरभर गेलेलं पाणी फुफ्फुसात साचतं, हे तिला मीच शिकवलं होतं.

बाहेर नेऊन विचारलं, "सत्तर कुठून आणलेस?" बराच वेळ खाली बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, शेजारच्या बेडला तेवढंच होतं."

हीच मुलगी इंटर्नल परीक्षेत याच गणिताला पैकीच्या पैकी मार्क घेऊन गेली होती. इंग्रजीतलं सूत्र तिला आजही तोंडपाठ आहे. मी मराठीत विचारलं, चार तासांची मिनिटं किती? 240. सलाईनच्या नळीच्या या सेटने एका मिलीचे 20 थेंब, मग बाटलीत थेंब किती? दहा हजार. आता भाग दे. तळहातावर पेनाने भागाकार करून तिने 42 सांगितलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. स्टाफरूममध्ये आपण सहज म्हणतो, मुलं कच्ची येतात, इंग्रजी नाही, वाचन नाही. इंग्रजीची अडचण खरी आहे. बीड, नंदुरबार, धाराशिवकडून आलेल्या मुलांची दहावी मराठीतून झालेली असते. बारावी सायन्सची पुस्तकं इंग्रजीत असली तरी वर्गातलं समजावणं मराठीतच चाललेलं असतं. इथे पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, व्हायवा इंग्रजी आणि पेशंट मात्र मराठी. पण माझ्या त्या मुलीला ना भाषेने अडवलं, ना गणिताने. मी सूत्र शिकवलं त्यानंतर दोन महिन्यांनी तिने पहिल्यांदा सलाईनच्या चाकाला हात लावला. मधल्या काळात ती कुठल्या वॉर्डात होती? ड्रेसिंगच्या. आणि ड्रेसिंग वर्गात शिकवलं तेव्हा ती बाह्यरुग्ण विभागात वजनं-उंची लिहीत बसली होती. असा तक्ता आम्हीच केलेला आहे.

तास कमी आहेत असंही नाही. 2021 च्या सुधारित अभ्यासक्रमात सेमिस्टर 20 आठवड्यांचं, आठवडा 40 तासांचा. दुसऱ्या सेमिस्टरला एकट्या फाउंडेशनला 120 तास थिअरी, 120 तास लॅब आणि 320 तास क्लिनिकल, म्हणजे वॉर्डातलं काम, मिळतात. एवढे तास हातात असून त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही.

बाकीच्या अडचणी थोडक्यात सांगते. आमची बस साडेसहाला सुटते, हॉस्टेलच्या मेसचा नाश्ता सात वाजता तयार होतो. मुली चहा-बिस्किटावर निघतात, एक वाजेपर्यंत उभ्या असतात आणि अडीचला मी त्यांना फ्लुइड बॅलन्स शिकवायला उभी राहते. मागच्या बाकांवर डोळे मिटायला लागले की मला राग येत नाही, वाईट वाटतं. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण कागदावर 1:10 आहे, पण माझे दहा जण तीन वॉर्डांत विखुरलेले. वॉर्डात स्टाफ कमी, त्यामुळे मुलं आली की रिपोर्ट आणायला आणि ट्रॉली ढकलायला त्यांचाच उपयोग होतो. आणि चुकलं तर पेशंटच्या नातेवाइकांसमोर ओरडा. एकदा असा ओरडा खाल्लेली मुलगी पुन्हा विचारत नाही, शेजारच्या बेडकडे बघते.

मला हे विचारायचंय:

ज्या आठवड्यात वर्गात जे शिकवलं तेच त्या आठवड्यात वॉर्डात, असं कुणी प्रत्यक्ष करून पाहिलंय का? पूर्ण ब्लॉक लावला तर मुलं सलग वॉर्डात राहतात पण मागचं विसरतात. रोज अर्धा दिवस वर्ग ठेवला तर थकून जातात. मधला मार्ग म्हणून आठवड्यातले चार दिवस वॉर्ड आणि दोन दिवस वर्ग असं माझ्या मनात आहे.

मराठीतून समजावून इंग्रजीतून लिहून घेणं कसं बसवता? माझ्या काही सहकाऱ्यांचं म्हणणं, मराठीची सवय लावली तर पेपरात मार खातील.

आणि इन्चार्ज सिस्टरना बरोबर कसं घ्यायचं? त्यांच्याशिवाय माझा कुठलाही तक्ता कागदावरच राहील.

प्रतिसाद – रानजाई

मी सरकारी रुग्णालयात इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. ओरडणाऱ्यांतली मीही होते, ते आधी कबूल करते.

आमच्या बाजूने सांगते. दर दोन-तीन आठवड्यांनी नवी बॅच येते. पांढरे कपडे सगळ्यांचे सारखे. कुणाला इंजेक्शन भरता येतं, कुणी अजून टीपीआरच (ताप, नाडी, श्वास) घेतंय, हे आम्हाला कुणी सांगत नाही. मग दोनच गोष्टी होतात: एक तर नको ते काम सांगितलं जातं, नाही तर भीतीपोटी कशालाच हात लावू दिला जात नाही.

बॅच पाठवताना एक कागद नर्सिंग स्टेशनला चिकटवा. मराठीत, मोठ्या अक्षरात. या मुलांनी काय एकट्याने करायचं, काय सिस्टर शेजारी असतानाच करायचं, कशाला अजून हात लावायचा नाही. दर सोमवारी बदला. शेवटच्या सदरात लिहा, "या आठवड्यात हे शिकतायत, केस आली तर बोलवा." आमच्याकडे एका कॉलेजच्या मॅडम असं करायच्या. कॅथेटर (लघवीची नळी) घालायचं असलं की मी स्वतः हाक मारून त्यांच्या मुलींना बोलवायचे. कागद येण्याआधी माझ्या ते डोक्यातही नसायचं.

प्रतिसाद – जुनी पाटी

मी नर्सिंगमधला नाही, मराठी शाळेत गणित शिकवतो. तुमच्या मुलीने जे तळहातावर केलं ते त्रैराशिक आहे. एका मिलीला 20 तर 500 ला किती? 240 मिनिटांत दहा हजार तर एका मिनिटात किती? हे तिने शाळेत केलेलं आहे. सूत्र आधी दिलंत की मूल विचार थांबवून सूत्रात आकडे भरतं, आणि तास-मिनिटांची गल्लत तिथेच होते.

सूत्र शेवटी द्या. आधी त्रैराशिकाने सोडवू द्या आणि उत्तर काढण्याआधी अंदाज सांगायला लावा: थेंब सेकंदाला एकापेक्षा जास्त की कमी? 42 म्हणजे कमी. सत्तर पडताना तिला तिथेच खटकलं असतं.

प्रतिसाद – निळी रिबन

मी चौथ्या वर्षाला आहे. मॅडम, एक सांगू? आम्ही विचारत नाही कारण "हे पहिल्या सेमिस्टरला झालंय ना?" हे उत्तर येतं. एकदा झालं म्हणजे आलंच पाहिजे असं असतं. लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीत, सही झाली की ती प्रोसिजर संपली. माझ्या लॉगबुकात सलाईनच्या पाच सह्या आहेत, त्यातल्या तीन वेळा मी नुसती शेजारी उभी होते.

भाषेबद्दल: पेशंटला काय सांगायचं तेही मराठीत शिकवा. "लघवी किती वेळा झाली" हे पुरुष पेशंटला विचारायला मला पहिलं वर्षभर जमलं नव्हतं. इंग्रजीत शब्द पाठ होते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. रानजाई, सोमवारचा कागद मी उद्याच करायला घेते. मेडिसिन वॉर्डच्या सिस्टरना तो आधी दाखवून, त्या सांगतील तसा बदलेन. जुनी पाटी, सेकंदाला एक थेंब ही खूण माझ्या नऊ वर्षांत मला सुचली नव्हती. औषधाच्या मापालाही त्रैराशिकच लावून बघितलं: जेंटामायसिन 80 मिलिग्रॅम 2 मिलीत, द्यायचं 60, तर दीड मिली. वॉर्डातल्या खऱ्या लेबलांचे फोटो काढून त्यावरच गणितं देईन.

निळी रिबन, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लॉगबुकात सहीच्या आधी एक रकाना वाढवतेय: "पाहिलं / मदतीने केलं / स्वतः केलं". विद्यापीठाच्या नमुन्याला हात न लावता आतून चिकटवता येईल. तीन वेळा पाहिलेलं पाच सह्यांत मोजलं जातं याला आम्ही शिक्षकच जबाबदार आहोत.

नाश्त्याचं मेसशी बोलले. सातचा नाश्ता साडेसहाच्या आधी करायला तयार नाहीत. आदल्या रात्री चपाती-भाजीचे डबे भरून देतो म्हणाले, पण उन्हाळ्यात सकाळपर्यंत भाजी टिकणार नाही. हॉस्टेलवरून पहाटे निघणाऱ्या मुलांसाठी तुमच्याकडे कुणी काही सोय केली असेल तर कृपया लिहा. चार-दोनचा तक्ता मी करेन, पण मुली उपाशी उभ्या राहणार असतील तर तो चालणार नाही.