मदत हवी आहे: पालकांना सांगावं, तर घरी मूल मार खातं

तिसरीचा वर्ग, ३४ मुलं. नियम मुलांनीच ठरवलेत, तक्ताही त्यांच्याच अक्षरात. ‘दंगा करू नये’ऐवजी ‘दुसरा बोलत असताना आपण ऐकतो’ असं लिहिलंय. पहिले दोन आठवडे रोज सराव घेतला, त्यामुळे वर्ग बऱ्यापैकी रुळलाय.

एक मुलगा मात्र गटात काम करताना हमखास ढकलाढकली करतो. एकट्याने किंवा जोडीत काम दिलं की शांत असतो. ऐकू येणं, दिसणं तपासून झालंय, दोन्ही ठीक.

डायरीत लिहून पाहिलं. तिसऱ्या वेळी त्याने ते पानच फाडलं. मग फोन केला, तर वडिलांनी तिथल्या तिथे त्याला झापलं, मला सगळं ऐकू येत होतं. वर मला म्हणाले, “बाई, दोन रट्टे द्या, आमची काही हरकत नाही.” माणूस वाईट नाही, काळजीपोटीच बोलतो. पण दुसऱ्या दिवशी मुलगा माझ्याकडे बघेना. (पहिला फोन तक्रारीचाच केला, ही चूक माझी.) आता आठवड्यातून एकदा काहीतरी चांगलं कळवते. त्यावर नुसता अंगठा येतो.

पालकांच्या ग्रुपवर हा विषय काढायचा नाही. दोघंही नोकरीला जातात, त्यामुळे भेट मिळाली तर शाळा सुटताना दहा मिनिटं, तीही मुलासमोर.

या दहा मिनिटांत सुरुवात नेमकी कोणत्या वाक्याने करू? आणि मारण्याऐवजी घरी रोज करता येईल अशी कोणती एकच गोष्ट त्यांच्याकडे मागू?