फिलिप काहन: बोर्लंड उभी करणारा की बुडवणारा?

जुना_डॉसवाला:
आपल्याकडे कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी या बोर्लंडच्या प्रोग्रामिंग साधनाच्या निळ्या स्क्रीनवर प्रोग्राम चालवायला कंट्रोल-एफ९ दाबलेल्यांपैकी किती जणांना फिलिप काहन माहीत आहे? फ्रान्सहून अमेरिकेत आलेला, गणित शिकलेला माणूस. १९८३ मध्ये त्याच्या बोर्लंड या सॉफ्टवेअर कंपनीने टर्बो पास्कल काढलं, म्हणजे पास्कल भाषेतला प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारा कंपाइलर, ४९.९५ डॉलरला. बाकीचे पास्कल कंपाइलर तेव्हा शेकडो डॉलरला जायचे. वर कॉपी प्रोटेक्शनची, म्हणजे नक्कल करू न देणाऱ्या कुलपाची, कटकट नाही. परवाना काय, तर पुस्तकासारखं वापरा, एका वेळी एकानेच. प्रोग्रामरवर एवढा भरवसा टाकणारा दुसरा उद्योजक दाखवा.

अर्धविराम:
कंपाइलर लिहिला डेन्मार्कच्या अँडर्स हेल्सबर्गने. एडिटर धरून सगळं ४० केबीच्या आत! काहनने नुसतं विकलं.

जुना_डॉसवाला:
"नुसतं"? हेल्सबर्गचा कंपाइलर आधीही डेन्मार्कमध्ये विकला जात होताच की, जगाला कुठे पत्ता होता? 'बाइट' या संगणकाच्या मासिकात जाहिरात द्यायला काहनकडे पैसे नव्हते. त्यानेच सांगितलेला किस्सा आहे: मासिकाचा माणूस येणार म्हणून ऑफिसात तात्पुरती माणसं आणून बसवली आणि जाहिरातींच्या यादीत 'बाइट'वर काट मारून ती त्याला दिसेल अशी ठेवली. जाहिरात उधारीवर मिळाली.

खवचट_काकू:
म्हणजे थाप मारली. भरवसा वगैरे फक्त गिऱ्हाइकाने ठेवायचा वाटतं :)
बरं, १९९१ चं काय? डीबेस या डेटाबेस प्रोग्रामसाठी तो बनवणारी ॲश्टन-टेट कंपनी ४३९ दशलक्ष डॉलर मोजून गळ्यात बांधून घेतली, तीही घरचं तसलंच पॅराडॉक्स असताना! विंडोजवरचं डीबेस यायला १९९४ उजाडलं. तोवर मायक्रोसॉफ्टचं तसलंच ॲक्सेस बाजारात होतं, डीबेसच्या स्पर्धेतलं फॉक्सप्रोही त्यांनी घेतलं होतं.

शून्य_एक:
काकूंशी सहमत, पण लोटसचा खटलाही धरा. बोर्लंडच्या क्वाट्रो या स्प्रेडशीटमध्ये आपले मेनू उचलले म्हणून लोटस या स्प्रेडशीटवाल्या कंपनीने कोर्टात खेचलं. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टात ४-४ अशी बरोबरी झाली आणि बोर्लंडच्या बाजूचा आधीचा निकाल कायम राहिला. उपयोग काय? क्वाट्रो प्रो १९९४ लाच नोव्हेल कंपनीला विकून झालं होतं.

अर्धविराम:
१९९५ च्या सुरुवातीला काहन सीईओपदावरून गेला, त्याच वर्षी बोर्लंडचं डेल्फी, टर्बो पास्कलचा विंडोजवरचा वारस, आलं. पुढच्या वर्षी हेल्सबर्ग मायक्रोसॉफ्टमध्ये. मग तिथे सी शार्प, टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषा. कंपाइलरवाला अजून कामाचं काही देतोय.

जुना_डॉसवाला:
काहनही हातावर हात ठेवून बसला नाही. ११ जून १९९७ ला कॅमेरा, मोबाइल आणि लॅपटॉप जोडून नवजात मुलीचा फोटो त्याने प्रसूतिगृहातूनच ओळखीच्यांना पाठवला.

खवचट_काकू:
बाळाला आशीर्वाद. डीबेसवर बोला.