मदत हवी आहे : आजोबांचा ट्रम्पेट आणि मुंबईचा जॅझ

मंडळी, नमस्कार. मी परभणीचा. आजोबा लग्नसराईत बँडपथकात ट्रम्पेट वाजवायचे. वरातीत ‘अलबेला’ सिनेमाची गाणी हमखास. ते म्हणायचे, “चाल चितळकरांची, पण फुंक गोव्याची हाय.” आम्ही हसण्यावारी न्यायचो.

आता उलगडतंय. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा अमेरिकी बँड मुंबईच्या ताज हॉटेलात जॅझ, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, वाजवायला आला. मग गोव्याच्या वादकांनीही मुंबईत जॅझ रुजवला. चर्चच्या शाळेत नोटेशन, म्हणजे सुरांचं लेखन-वाचन, शिकलेली ही माणसं रात्री हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसत. त्यांतलेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ. १९५१च्या ‘अलबेला’त संगीतकार सी. रामचंद्रांच्या (आजोबांचे ‘चितळकर’ ते हेच) जोडीला ते होते, पडद्यावरही दिसतात. आजोबांना नोटेशनचा गंध नव्हता, सगळं कानानं उचललेलं!

तर अडचण अशी. त्यांचा ट्रम्पेट माळ्यावर सापडला. मधला पिस्टन घट्ट बसलाय. चुलत्यांनी खोबरेल तेल सोडायचा सल्ला दिला, मी वेळीच हात धरला. परभणी, नांदेड किंवा संभाजीनगरात पितळी वाद्यं दुरुस्त करणारा भरवशाचा कारागीर कोणाला माहीत आहे का? मुंबईला पाठवायचा जीव होत नाही.

शिवाय पुतण्याला जॅझ शिकायचाय. ऑनलाइन शिकवणारं कोणी असेल तर सुचवा. आणि चिक चॉकलेट यांच्या जुन्या तबकड्या कोणाकडे असतील तर फक्त ऐकायला मिळाल्या तरी चालेल, मी येतो तिकडं.