बडोद्यात विश्वामित्री नदीच्या कोतराशेजारी (काठच्या घळीशेजारी) वाचनालय झाले, तर आवारात हिरवळ हवी का?

दांडियाबाजारकर
नदीकाठी सार्वजनिक इमारत म्हटली की काठाला दगडी पिचिंग (उतारावर दगडांचे अस्तर), आवारात हिरवळ आणि मधोमध कारंजे, हा आराखडा ठरलेलाच असतो. माझा त्याला विरोध आहे. उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरमागे रोज ५ लिटर पाणी धरले, तरी एका एकराला २०,००० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचे चार टँकर, रोज लागतील. शिवाय कोतर म्हणजे पडीक जागा नव्हे. पुराचे पाणी तिथेच पसरते आणि मगरी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मातीच्या काठात खड्डा खणून अंडी घालतात. दगड बसवला की ती जागा गेली. म्हणून काठ आणि आवार नैसर्गिकच राहू द्यावे.

जुना बडोदेकर
मगरींचे मान्य. परंतु आपण ज्याला निसर्ग म्हणता, त्यातले कितीतरी रान विलायती बाभळीचे आहे, तेही जपायचे का? वाचनालयात सत्तरीचे वाचक आणि शाळकरी मुले येणार, त्यांना गुडघाभर गवतातून चालायला लावणार? सयाजीबाग १८७९ पासून शहराला प्रिय आहे, ती निगा राखली म्हणूनच.

दांडियाबाजारकर
बाभळीचा मुद्दा बिनतोड आहे. ती नुसती तोडली तर पुन्हा फुटते आणि एकदम उपटली तर उतारावरची माती सुटते. म्हणून ती टप्प्याटप्प्याने काढावी व मोकळ्या पट्ट्यात लगेच वाळा लावावा, कारण त्याची मुळे सरळ खोल जातात. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना दोन मीटर गवत कापलेले ठेवले की सापांची भीती बरीच कमी होते. त्यापलीकडे मारवेल हे देशी गवत वाढू द्यावे. मात्र ते चैत्रात पिवळे पडणारच, आणि ते पाहण्याची सवय आपल्याला करावी लागेल.

मांडवीची वाचक
पिवळे पडलेले गवत पाहून पहिली तक्रार वाचकच करतील! आमच्या सोसायटीने झटपट हिरवेपणासाठी कोनोकार्पस हे परदेशी झाड लावले, त्याची मुळे गटाराच्या पाइपात शिरली आणि २०२३ मध्ये गुजरात राज्याने ती लागवडच बंद केली. देशी झाडांना माझा पाठिंबा आहे, पण निविदेत लागवडीचे पैसे असतात, पुढची तीन वर्षे जगवण्याचे क्वचितच. वाळा रुजेपर्यंत दोन पावसाळे बाभळीची रोपे उपटणारा माळी कोणाच्या पगारावर असेल, ते आधी सांगा.