जेवण सकाळीच सांगावं लागतं, हा दोष पटला नाही

कोकणात घरगुती मुक्कामाला गेलं की जेवण सकाळीच सांगावं लागतं, अशी एक तक्रार वाचली. दापोलीजवळच्या आंजर्ल्यात आम्ही ज्या घरी उतरलो तिथे काकू स्वतः रांधतात. किती नारळ खवायचे, हे माणसं कळल्याशिवाय कसं ठरणार? पानात उकडीचा मोदक पडला तेव्हा त्याच्या कळ्यांतून वाफ निघत होती, वर घरचं तूप. थांबल्याचं सार्थक झालं.

मागची वाडी मात्र बघवत नव्हती. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, आडव्या झालेल्या. काका एकेक नवं रोप हात लावून दाखवत होते. सुपारी धरायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर घराला आधार पाहुण्यांना भाड्याने दिलेल्या या दोन खोल्यांचाच. म्हणून सांगते, भाड्यात घासाघीस करू नका.

संध्याकाळी जवळच्या हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव चुकवू नका.