विषय: डिसेंबरात गोव्याला येतोय, वाईन कोणती?

नमस्कार मंडळी,
आम्ही आठ जण डिसेंबरात म्युनिकहून गोव्याला येतोय, पर्वरीला घर घेतलंय. एक संध्याकाळ वाईनची करायचा बेत आहे. जेवण तिथलंच, माशाचं. इथून काही आणू का? की सगळं तिथे मिळेल? आमच्यातल्या निम्म्यांना गोड लाल वाईनपलीकडे फारसं ठाऊक नाही. पणजीचे काका, तुमच्यावर भिस्त आहे.

---

ताई,
या, जरूर या. दहा तऱ्हेच्या बाटल्या मात्र जमवू नका. एकच द्राक्ष घ्या आणि दोन मुलुखांतलं शेजारी शेजारी ओता. दहा वाईन चाखल्या की सकाळी त्यातली एकही आठवत नाही. दोन ग्लास समोर असले की जीभ आपसूक तुलना करते.

माझी निवड शेनिन ब्लां. नाशिकची इथे सहज मिळते, सुलाची घ्या किंवा यॉर्कची. जोडीला फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली वूव्रे, द्राक्ष तेच. तिकडे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, हवा गार होत असताना, म्हणून आंबटपणा टिकतो. नाशिकला वेल हिवाळ्यात झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे नवी फांदी वाढावी म्हणून; पाऊस ओसरला की गोडी छाटणी, ती फळासाठी; आणि तोडणी जानेवारी ते मार्च. दिवसाच्या उन्हात फळ भरभर पिकतं. मी दोन्ही एकदम ओतल्या तेव्हा नाशिकच्या ग्लासात पिकल्या पेरूचा वास होता, वूव्रेत हिरव्या सफरचंदाचा आणि मागे थोडा मध. वूव्रेच्या लेबलवर ‘सेक’ असेल तर कोरडी, ‘दमी-सेक’ असेल तर किंचित गोड. तुम्ही दमी-सेक आणा, कारण ताटात बांगड्याचं हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणाचं तिखट कालवण असणार.

हुमणातल्या मिरचीवर जास्त अल्कोहोलची वाईन प्यायली तर तोंडाची आग वाढते. टॅनिन, म्हणजे कच्च्या सुपारीसारखा तो तुरटपणा, तोही मिरचीपुढे कडवट लागतो. थोडी गोडी आणि चांगला आंबटपणा असला की नारळ, तिरफळ, मिरची सगळं जागच्या जागी राहतं. म्हणूनच तुमच्या जर्मनीची मोझेलची रीसलिंग इथे फार शोभते. ‘काबिनेट’ लिहिलेली बघा. त्यात अल्कोहोल साधारण 8-9 टक्केच असतं. परदेशातून येताना माणशी 2 लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते, म्हणजे नेहमीच्या मापाच्या दोन बाटल्या. त्या रीसलिंगच्या आणि वूव्रेच्याच असू द्या.

गोड लाल वाईन आवडणाऱ्यांना नाराज करू नका. आमच्या शेजारच्या घरी नाताळात केकबरोबर इथली ‘पोर्त’च येते आणि ती मी आवडीने घेतो. पण एकदा दोरूची खरी पोर्तही चाखवा. पोर्तुगालमध्ये दोरू खोऱ्याची हद्द 1756 मध्येच आखली गेली. द्राक्षरस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षाची दारू ओततात. किण्वन थांबतं, साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जातं. बेबिंक, म्हणजे इथला थराथरांचा गोड पदार्थ, त्याच्याबरोबर छोट्या ग्लासात, जेवण झाल्यावर.

बाटली घेताना एक सांभाळा. गेल्या मे महिन्यात मी एका दुकानातून चांगली महाग लाल वाईन आणली. दर्शनी काचेत, दुपारच्या उन्हात उभी होती. घरी आवरण सोललं तर बूच दोन-तीन मिलिमीटर वर आलेलं आणि मानेवर सुकलेला लाल ओघळ. ग्लासात नाक घातलं तर शिजवलेल्या जॅमचा वास. पूर्ण बाटली ओतून द्यावी लागली, फार वाईट वाटलं. आतल्या, गार कपाटातलीच बाटली मागा.

---

ताई, काका,
मडगावहून मी. काकांचं सगळं पटलं, पण लाल अगदीच वगळू नका. कोंबडीच्या शागुतीबरोबर अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोव्हेझे घ्या. इटलीतल्या कियांतीचं मुख्य द्राक्ष हेच, त्यामुळे काकांची जोडीची युक्ती इथेही चालेल. सांजोव्हेझेला आंबटपणा चांगला असतो, भाजलेल्या खोबऱ्याचा जडपणा कापते. तिखट मात्र बेताचं ठेवा. आणि लाल म्हणजे खोलीत ठेवलेली, हे इथे विसरायचं. डिसेंबरातही दुपारी 30 अंश असतात. ओतण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

---

मडगावकरांचं खरं आहे, शागुती मी विसरलोच होतो. मग कियांतीची एक बाटली तुमच्याकडून, सांजोव्हेझे मी आणतो. ताई, बांगड्यांची काळजी करू नका, सकाळी सातला पणजी मार्केटात जाऊन मीच घेईन. तिरफळं घरची आहेत.